जे गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी रडताना

मराठी साहित्याच्या इतिहासात 'आद्य' हा शिक्का बसलेल्या दोन रचना घ्या. एक 'लीळाचरित्र', मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. दुसरी म्हणजे नामदेवांच्या गाथेतली 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही प्रकरणं. त्यांत ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांची कहाणी येते, आणि तिच्यामुळे नामदेवांना आद्य चरित्रकार म्हटलं जातं. स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये दोन्ही नावं एकेका मार्काला असतात. पाठ करायची आणि पुढे जायचं.

पण या दोन्ही रचना कुणी केल्या, ते पाहा. मागे राहिलेल्यांनी. चक्रधरस्वामी निघून गेले, मग म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्ञानेश्वर समाधीत बसले, मग नामदेवांनी त्यांची गोष्ट सांगितली. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पाव शतकातल्या या दोन घटना. एका पंथाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण लिहिण्याचं कारण एकच: माणूस समोर नाही, आणि त्याच्याशिवायचा दिवस उजाडलाय.

यात एक गंमत आहे. दोन्ही परंपरांच्या श्रद्धेनुसार ही माणसं मेलेलीच नाहीत. महानुभाव मानतात की चक्रधर उत्तरापंथे निघून गेले. वारकरी मानतात की ज्ञानेश्वरांची समाधी संजीवन आहे, ते आळंदीत आजही आहेत. तत्त्वज्ञानाच्या हिशोबात मृत्यू झालेलाच नाही. तरीही मागे राहिलेले रडतात, कासावीस होतात, दिशा हरवल्यासारखे वागतात. त्यांना कुणी 'अहो, ते तर अमर आहेत' असं सांगून गप्प करत नाही. श्रद्धा श्रद्धेच्या जागी आणि रडणं रडण्याच्या जागी. मला वाटतं, शोकाबद्दल मराठीत सांगितली गेलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, आणि ती आपण विसरलोय.

अमर आत्मा आणि पाच पायऱ्या

हे अभंग मी अभ्यासासाठी वाचायला घेतले नव्हते. तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. सव्वीस वर्षांचा होता. घरी भेटायला येणारी माणसं चांगली होती, मनापासून आली होती, आणि बहुतेक सगळी तीच चार वाक्यं बोलत होती. आत्मा अमर असतो. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. तो सुटला. तू मोठी आहेस, आता आईबाबांकडे तुलाच बघायचंय. प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच होता: आवर लवकर.

फोन उघडला की तिथे दुसरी शिकवणी. दुःखाचे पाच टप्पे सांगणारी रील्स तुम्हीही पाहिली असतील. नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. खाली हळुवार पियानो. ही मांडणी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या 1969 सालच्या पुस्तकातली. पण ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या बोलण्यावर उभं आहे. ती शिडी मुळात जाणाऱ्या माणसाची होती. पुढे ती मागे राहिलेल्यांच्या हातात दिली गेली. मग आपण रोज स्वतःला विचारतो, मी आता कितव्या पायरीवर? अजून खालीच कशी?

शेजारच्या काकांचा अमर आत्मा आणि रीलमधल्या पाच पायऱ्या या तशा वेगळ्या दुनियेतल्या गोष्टी. काम मात्र दोन्ही सारखंच करतात. दोघांनाही शोक संपवायची घाई आहे. त्या घाईला कंटाळून मी नामदेवांकडे गेले.

झाडलोट

समाधीच्या अभंगांत घाई अजिबात नाही. प्रसंग 1296 चा, कार्तिक वद्य त्रयोदशीचा. इंद्रायणीकाठी, सिद्धेश्वराच्या देवळापाशी. ज्ञानेश्वरांचं वय परंपरेनुसार 21. समाधी त्यांनी स्वतः मागून घेतलीय, तिथी आधीच ठरलीय, आणि जमलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ही मंडळी निरोपाच्या वॉर्डात बसलेली आहेत.

नामदेव काय करतात? दिवस मोजून दाखवतात. एकादशीला कीर्तन आणि जागर. द्वादशीला पारणं, म्हणजे सगळ्यांचं जेवण. मग त्रयोदशी. नारा, विठा, गोंदा आणि महादा ही नामदेवांची मुलं समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. आसनावर तुळस, बेल, दुर्वा अंथरल्या जातात. समाधीकडे जाताना ज्ञानेश्वरांचा एक हात निवृत्तिनाथांनी धरलाय, दुसरा खुद्द विठ्ठलानं. ते आसनावर बसतात. पुढ्यात ज्ञानेश्वरी ठेवली जाते. ते तीनदा हात जोडतात, डोळे मिटतात. मग शिळा लागते. नामदेव म्हणतात, सूर्य मावळला. आणि आपल्यापेक्षा वयानं लहान असलेल्या या माणसाला ते 'बाप' म्हणतात.

यातली झाडलोट मला फार महत्त्वाची वाटते. मृत्यू झालेल्या घरात जे राहिलेत त्यांना माहीत असतं की तिथे भावना कमी आणि कामं जास्त असतात. कुणीतरी खुर्च्या आणायच्या असतात. कुणीतरी चहा टाकायचा असतो. स्मशानात दाखवायला आधार कार्ड शोधायचं असतं. त्या कामांनी दुःख कमी होत नाही, पण हातांना जागा मिळते. नामदेवांनी इतक्या मोठ्या अध्यात्मिक प्रसंगात केरसुणीला जागा दिली. थोर घटनेचं वर्णन करताना थोर गोष्टींतच रमणारा कवी हे करणार नाही. हे त्यालाच सुचतं, जो तिथे उभा राहिलाय किंवा उभ्या राहिलेल्यांचं नीट ऐकून आलाय.

निवृत्ती काय बोलतो

पण या प्रकरणाचा गाभा शिळा लागण्यात नाही. तो निवृत्तिनाथांच्या आक्रोशात आहे.

निवृत्ती कोण? थोरला भाऊ, आणि गुरूसुद्धा. ज्ञानेश्वरीत पानोपानी ज्याला वंदन आहे तो. आत्मा मरत नाही हे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या कृपेनं मराठीत सांगितलं तो. म्हणजे 'आत्मा अमर आहे' हे ज्याला ऐकवण्यात काही अर्थच नाही असा जगातला एकमेव माणूस. नामदेव नेमक्या याच माणसाला सगळ्यात मोठं रडू देतात.

तो रडताना तत्त्वज्ञानातलं एक अक्षर वापरत नाही. तीन प्रतिमा येतात आणि तिन्ही शिवारातल्या. तळ्याचा बांध फुटला आणि पाणी बारा वाटांनी गेलं. पेंढीचा बंद सुटला आणि गवत रानभर पांगलं. हरिणी नाही, तिची जागा ओस पडली आणि पाडसं दाही दिशांना भटकताहेत. (हा माझ्या शब्दांतला गोषवारा. मूळ अभंग गाथेत काढून मोठ्यानं वाचा.)

नीट पाहा, गेलेला माणूस या प्रतिमांत कुठे आहे? तो बांध आहे, पेंढीचा बंद आहे, हरिणी आहे. धरून ठेवणारी गोष्ट. मागे राहिलेले म्हणजे पाणी, गवत आणि पाडस. तो कुठे गेला, त्याला मुक्ती मिळाली का, यावर निवृत्ती बोलतच नाही. तो बोलतो आमचं काय झालं यावर. सांत्वन करणारे नेहमी गेलेल्याबद्दल बोलतात: तो सुखात आहे, तो सुटला. रडणारा मात्र स्वतःच्या विस्कटण्याबद्दल बोलत असतो. दोघांचा संवादच होत नाही, कारण विषयच वेगळे आहेत. निवृत्तीच्या तोंडच्या या ओळी वाचेपर्यंत मला हे शब्दांत सांगता आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वयाची. निवृत्ती थोरला. तरी प्रतिमेत तो पाडस झालाय आणि धाकटा भाऊ हरिणी. घरातला धाकटा गेला की थोरल्याला 'तू मोठा आहेस' असं बजावतात. नामदेवांच्या निवृत्तीला कुणी तसं बजावत नाही. त्याला काही काळ लहान होऊ देतात.

आणि मग तो असं बोलतो की आजही ऐकणारा चपापेल. आईवडील आम्हाला सोडून गेले तेव्हासुद्धा एवढं संकट वाटलं नव्हतं, या अर्थाचं. ज्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं, त्यांच्याबद्दल! आपल्याकडे दुःखाची उतरंड ठरलेली असते, कुणासाठी किती रडायचं ते. निवृत्ती ती उतरंड मोडतो आणि नामदेव ते वाक्य कापत नाहीत.

बाहेरच्या जगाचं काय होतं? त्यासाठी एक प्रतिमा आहे ती मी विसरूच शकत नाही. मासे धरायला नदीत माजवण टाकतात, म्हणजे गुंगी आणणारं विष. मग मासे पाण्यातच असतात, पण तळमळतात. जमलेल्या माणसांची अवस्था तशी झाली. पाणी तेच, नदी तीच, फक्त श्वास घेता येत नाही. भाऊ गेल्यावर पहिल्यांदा ऑफिसला गेले त्या आठवड्याचं याहून अचूक वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

कुणी लिहिलं?

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. हे सगळं खरंच नामदेवांनी लिहिलंय का? 'नामा' या नावानं लिहिणारे एकाहून जास्त कवी होऊन गेले. विष्णुदास नामा त्यांतला एक, शिंप्यांच्या घरातल्या नामदेवांच्या बराच नंतरचा. गाथेत कुणाचं किती मिसळलंय यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मजकुरातही खुणा दिसतात. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 चा, म्हणजे समाधीच्या वेळी ते 26 वर्षांचे. मग जागा झाडणारी त्यांची चार मुलं एवढी मोठी कशी? कुणीतरी नंतर, प्रेमानं, त्यांना त्या दृश्यात आणून उभं केलं असावं.

याचा मला धक्का बसत नाही. उलट दिलासाच वाटतो. म्हणजे हा शोक एका माणसानं एका बैठकीत लिहून मोकळा केला नाही. पुढच्यांनी त्यात आपापली ओळ घातली. ज्यांनी ज्ञानेश्वरांना पाहिलंही नव्हतं, त्यांनीही केरसुणी हातात घेतली.

सगळे अभंग तेवढ्या ताकदीचे नाहीत, हेही सांगायला हवं. मध्येच देव, ऋषी, गंधर्व यांची एवढी गर्दी होते की आळंदीतली माणसं दिसेनाशी होतात. स्तुती पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत येते. आणि माझी खरी तक्रार मुक्ताईबद्दल आहे. ताटीच्या अभंगांत हीच बहीण दार लावून बसलेल्या भावाला समजावते, रागावते, दार उघडायला लावते. मराठीतला बहिणीचा सगळ्यात स्पष्ट आवाज तो. आता दार शिळेचं आहे आणि कायमचं लागतंय. अशा वेळी तिला काय म्हणायचं होतं? समाधी प्रकरणात ती रडणाऱ्यांमधली एक होऊन राहते. निवृत्तीला मिळालेल्या प्रतिमांच्या तोडीचं तिला काही मिळत नाही. एक बहीण म्हणून वाचताना ही जागा रिकामी वाटते, आणि ती रिकामीच राहणार.

पाठभेद

नामदेवांच्या अभंगांनी मला रडायची परवानगी दिली. पुढे काय करायचं, ते मात्र 'लीळाचरित्रा'त सापडलं.

चक्रधर गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. नागदेवाचार्य आठवणी सांगत. म्हाइंभटांना वाटलं, हे टिपून ठेवायला हवं. मग ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना गाठून ते विचारत राहिले. त्यातून जे तयार झालं त्यात मोठे चमत्कार आणि मोठं तत्त्वज्ञान आहेच, पण त्याबरोबर ढीगभर साध्या गोष्टी आहेत: कोणत्या गावी, कोणत्या देवळात मुक्काम होता, कोण आलं, काय खाल्लं, कोण काय विचारून बसलं. पुढे तर ही माणसं जिथे जिथे थांबली त्या जागांची नोंद करणारी वेगळी 'स्थानपोथी' झाली.

समीक्षक म्हणून मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पाठभेदांची सोय. एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा आठवत असेल, तर एकाला खोटं पाडलेलं नाही. अमक्याच्या मते असं, तमकीच्या मते तसं, असं दोन्ही ठेवलंय. मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि ती आठवणीतून पुन्हा उभी केली गेली असं परंपरा सांगते. त्यातून आणखी पाठ तयार झाले. म्हणजे हे पुस्तक हरवणं आणि आठवणं यांतून दोनदा गेलंय.

हे वाचून मी भावाच्या मित्रांना फोन करायला लागले. प्रश्न साधे होते. तो हॉस्टेलवर काय खायचा? राजगडला तुम्ही वाट चुकलात तेव्हा काय झालं होतं? त्या राजगडाच्या दोन गोष्टी मिळाल्या. एक मित्र म्हणतो, वाट चुकली ती त्याच्यामुळे आणि तो रात्रभर सगळ्यांची माफी मागत होता. दुसरा म्हणतो, वाट चुकलीच नव्हती, त्याला वरून चांदणं बघायचं होतं म्हणून त्यानं मुद्दाम उशीर केला. दोन्ही गोष्टी त्याला शोभतात. फोनमधल्या नोट्समध्ये मी दोन्ही लिहून ठेवल्यात, सांगणाऱ्यांच्या नावांसकट. आता तिथे चाळीसेक नोंदी आहेत. माझ्या ओळखीचा भाऊ त्यात अर्धाच आहे. उरलेला अर्धा मला तो गेल्यावर भेटला.

1996 मध्ये इंग्रजीत शोकाच्या अभ्यासकांचं एक पुस्तक आलं. त्याचा सूर असा की गेलेल्याशी असलेलं नातं तोडणं हे शोकाचं ध्येय असायची गरज नाही, ते नातं रूप बदलून चालू राहतं. मानसशास्त्रात तेव्हा हा विचार वेगळा होता. म्हाइंभटांनी तो सातशे वर्षं आधी करून दाखवला होता, कुठलाही सिद्धान्त न मांडता, गावोगाव लोकांना प्रश्न विचारत.

वाट कुणाला सापडते

सगळ्यांनाच वाट सापडते असं या रचना सांगत नाहीत. ज्ञानेश्वरांनंतर सोपानदेव सासवडला, मुक्ताई तापीकाठी मेहूणला आणि शेवटी निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला. परंपरेनुसार आठेक महिन्यांत चारही भावंडं गेली. पांगलेल्या पेंढीची प्रतिमा अक्षरशः खरी झाली. निवृत्ती 'सावरला' असं कुणी लिहिलेलं नाही. त्याच्यावर तो आरोपही नाही.

नामदेव मात्र पुढे बरीच वर्षं जगले. 'तीर्थावळी'त ज्ञानेश्वर त्यांना उत्तरेच्या यात्रेला नेतात. पंढरपूर सोडायला नामदेव तयार नसतात. विठ्ठलापासून दूर जायच्या कल्पनेनंच ते व्याकूळ होतात. पण जातात, मित्राबरोबर. पुढे मित्र नसताना हेच नामदेव पुन्हा उत्तरेला गेले, थेट पंजाबात, आणि घुमानला राहिले. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. 2015 मध्ये साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्याला हे सगळं पुन्हा आठवलं. दुःखामुळे ते तिकडे गेले असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. एवढंच दिसतं की जो माणूस गाव सोडायला घाबरत होता, त्याला एकानं चालायला शिकवलं, आणि शिकवणारा गेल्यावरही तो चालत राहिला.

आळंदीत दर वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी सोहळा असतो. पंढरपुराहून नामदेवांच्या पादुका येतात. समाधीच्या प्रसंगाचं कीर्तन करायचा मान नामदेवांच्या वंशजांचा, नामदास घराण्याचा. दुपारी घंटानाद होतो, समाधीवर फुलं पडतात. मी ते फोनवर लाइव्ह पाहिलंय. कीर्तनकार शिळेपाशी येतो तेव्हा समोरची माणसं डोळे पुसायला लागतात. त्यांतल्या प्रत्येकाला विचारा, माउली गेली का? ते म्हणतील, छे, माउली इथेच आहे. आणि पदरानं डोळे पुसतील.

ज्यांना लवकर बरं व्हायला सांगितलं जातंय, त्यांनी हे एकदा पाहावं. सव्वासातशे वर्षं झाली, अजून कुणी त्या गर्दीला 'आता पुरे' म्हणालेलं नाही. त्रयोदशीला ही माणसं रडतात, रात्री जेवतात, आणि सकाळी आपापल्या गावाच्या एसटीत बसतात.